पुढची रेघ, मागची रेघ

सत्यशीलाताई गजभिये चिडल्या की त्यांची शाळेतली प्रमाण मराठी सुटते आणि वर्धा वर येतं. त्या दिवशी वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या गाडीचं दार आपटून उतरल्या.

"नम्रता, तो माणूस मला म्हणून राहिला, घरी कोणी साहेब असतील तर त्यांना पाठवा!"

तो माणूस म्हणजे कोथरूडचा गॅरेजवाला संजय. ताईंच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. गाडीखाली न वाकताच संजयने सांगितलं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवीन टाका. कसा गेला, असं ताईंनी विचारलं, तेव्हा त्याला साहेब आठवले.

साहेब, म्हणजे ताईंचे पती आनंद, वाहतूक पोलिसात होते. चौकाचौकात उभं राहून त्यांची फुप्फुसं निकामी झाली आणि निवृत्तीआधीच ते गेले. ताई त्यानंतर गाडी शिकल्या. जन्मभर त्यांनी विज्ञान शिकवलं. न पटलेलं उत्तर त्या ठेवून घेत नाहीत.

त्यांनी ऑनलाइन स्कॅनर मागवला. काडेपेटीएवढी वस्तू, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि मोबाइलला जोडायची. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही म्हणून ताई रविवारी सकाळी गाडी चांदणी चौकापर्यंत फिरवून आल्या. मग मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"ॲक्सिलरेटर हळू दाब. काटा अडीच हजारावर धरून ठेव."

स्वतः शेजारी बसून त्या मोबाइलकडे बघत मला समजावत होत्या. धुराच्या नळीत एक डबा असतो, तोच कन्व्हर्टर. त्याच्या आत जाळीदार गाभा, त्यावर मौल्यवान धातूंचा लेप. विषारी धूर त्यातून जाताना बराच निवळतो. डब्याच्या पुढे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एक सेन्सर, मागे एक. मोबाइलवर पुढच्याची रेघ खालीवर नाचत राहते. डबा धड असेल, तर मागची रेघ जवळपास सरळ चालते.

मोबाइलवर दोन्ही रेघा नाचत होत्या. मागची पुढचीची हुबेहूब नक्कल करत होती.

"म्हणजे संजय खरं बोलला?" मी विचारलं.

"जुना झालेला डबासुद्धा थोडंफार काम करतो. हा काहीच करत नाहीये." ताईंनी मला इंजिन बंद करायची खूण केली. "दोन महिन्यांपूर्वी संजयकडून क्लच बदलून आणला तेव्हापासून आवाज वाढलाय. मी बोलले तर म्हणाला, जुनी गाडी, खोकणारच."

दुसऱ्या दिवशी वारज्यातल्याच एका गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली. डब्याच्या वरच्या अंगाला, खालून दिसणार नाही अशा जागी, ताज्या वेल्डिंगची शिवण होती. सेन्सर काढून भोकातून बॅटरी मारली. आत काहीही नव्हतं. डबा कापून, गाभा काढून, पुन्हा जोडून दिला होता.

ताईंचा आवाज चढला. "दोन महिने! दोन महिने मी हा धूर लोकांच्या नाकात सोडत फिरले. सिग्नलला, शाळांसमोर. आणि पीयूसी? पास! पीयूसीवाल्याने तपासणीची नळी लावलीच नव्हती, नंबरप्लेटचा फोटो काढला आणि सर्टिफिकेट दिलं!"

तिथून आम्ही थेट कोथरूडला गेलो.

"मॅडम, मोबाइलवर काय, काहीही दिसतं," संजय म्हणाला.

"गाडी लिफ्टवर घ्या."

"लिफ्ट रिकामी नाही."

त्याच्या पाठीमागे लिफ्ट रिकामी होती. एक तरुणी नुकतीच गाडी लावून आत आली होती. तिचं नाव पूर्वा, हे नंतर कळलं. ताई तिच्याकडे वळल्या.

"इथे क्लचचं काम केलं होतं का?"

"हो, मागच्या महिन्यात. आता पिवळा दिवा लागलाय."

तिची गाडी तापलेलीच होती. ताईंनी पूर्वाच्या परवानगीने स्कॅनर खोचला. त्याच नाचणाऱ्या रेघा.

"ओ बाई, बंद करा ते! गिऱ्हाईक घालवताय माझं!" संजयने मोबाइलवर हात टाकला. ताईंनी तो हात झटकला.

"साहेबांना पाठवा म्हणाले ना तुम्ही? माझा नवरा असाच धूर खाऊन मेला. तो नाही येत आता. मीच आली!"

पोलीस चौकीत ताई आणि पूर्वा, दोघींची तक्रार घ्यायला हवालदार तयार नव्हता.

"डबा जागेवर आहे ना? मग चोरी कशाची?"

"उद्या तुमची बंदूक ठेवून आतल्या गोळ्या नेल्या, तर काय लिहाल?" ताई म्हणाल्या.

त्याने तक्रार लिहून घेतली. पोलिसांना गॅरेजच्या माळ्यावर पोत्यात असले गाभे सापडले. संजयने सगळं कामगारावर ढकललं, जामीन मिळवला. ताईंचा गाभा त्यात नव्हताच. तो लेपातल्या धातूंसाठी आधीच विकला गेला होता. नवीन कन्व्हर्टर बसेपर्यंत ताईंनी गाडीला हात लावला नाही, बसने फिरल्या. तो बसल्यावर आम्ही पुन्हा तपासणी केली. मागची रेघ सरळ चालली, मी टाळ्या वाजवल्या. ताई हसल्या नाहीत.

खटला चालू आहे. गॅरेज नव्या पाटीने उघडलंय, माणूस तोच. ताई अधूनमधून तिथल्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहतात. आत वळणाऱ्या गाडीची काच ठोठावतात आणि विचारतात, "क्लचचं काम आहे का?"