कीर्तनापुरती मराठी

आम्ही तमिळ मुलखातली मराठी माणसं. आमच्या शेजारच्या कीर्तनकार मामांना एकदा ऐकाच! गोष्ट तमिळमध्ये सांगतात, पण साकी-दिंडी अशी मराठी पदं म्हणायला लागले की अस्सल पुणेरी मराठी. वाटतं, कालच्याच गाडीनं पुण्याहून उतरलेत. आणि घरी? घरी आमच्यासारखेच, तमिळ हेल काढून ओरडतात, "अगोऽ, माझं उपरणं कुठं ठेवलंस गोऽ?" मला तर दोन्ही आवाज आवडायचे, अगदी खरंच!

परवा आमच्या गावातल्या जुन्या राजवाड्याजवळ त्यांचं कीर्तन झालं. पुण्याहून दोन पाहुणे आले होते, मामांना तिकडे कीर्तनाला न्यायचं त्यांच्या मनात होतं. कीर्तन संपल्यावर ते घरी आले. मीही होते तिथे. मामा खुर्चीत ताठ बसून कीर्तनातल्याच मराठीत गप्पा मारत होते.

तेवढ्यात मामी काप्पी, म्हणजे आमची कॉफी, घेऊन आल्या. "घ्या ओ, ऊन ऊन अहे. इतक्या दूरून अलांत, जेवूनच जावा!"

पाहुणे खो-खो हसले. एकानं तर मामींचा हेल काढून तेच वाक्य परत म्हटलं. मला वाटलं, आता मामा भडकणार. पण मामाही हसले हो! वर म्हणाले, "मनावर घेऊ नका हं. इकडच्या बायका अशाच बोलतात."

इकडच्या! आणि हे कुठले? यांच्या पिढ्या याच गल्लीत गेल्या!

पुण्याचं बोलावणं मिळालं. मामा खूश आहेत. पण मामी त्यांच्याशी आता मराठी बोलतच नाहीत. मामा विचारतात, "काय गो, रागावलीस?" जेवण वाढलंय, एवढंच मामी तमिळमध्ये सांगतात आणि आत जातात.