तापली की क्लच सोडणारी गाडी

चौथ्या गिअरमध्ये मोटारसायकल नुसती ओरडत होती. मी ॲक्सिलरेटर पिळत होतो, इंजिनाचा आवाज चढत होता आणि वेगाचा काटा जागचा हलत नव्हता. शेजारून माणसांनी खच्चून भरलेली जीप आरामात पुढे गेली. आतल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून कीव आल्यासारखी मान हलवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोहाऱ्यात माझं गॅरेज आहे हो, लोक ओळखतात.

याला आम्ही क्लच स्लिप म्हणतो. इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायचं काम क्लचच्या प्लेटा करतात. एरवी त्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात. लिव्हर दाबली की सुटतात, सोडली की परत चिकटतात. नीट चिकटल्या नाहीत तर इंजिन फिरत राहतं आणि चाक मागे पडतं.

गाडी सचिनची. हा अणदूरचा, जनावरांचा डॉक्टर. रोज खेड्यापाड्यांतून फिरती. सकाळी गाडी सोडायला आला तेव्हाच त्याचा चेहरा उतरलेला होता.

"काका, प्लेटा नव्या टाकल्या, स्प्रिंगा नव्या टाकल्या. काही फरक न्हाय. आता तुमीच बघा. रविवारी उमरग्याचं गिऱ्हाईक येतंय. आई म्हणते इकून टाक."

"गाडी तुमची, आणि विकणार आई?"

"आई मागं बसली होती, काका."

मग त्याने सांगितलं. नळदुर्गच्या अलीकडे तो उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करत होता. निम्म्यात क्लच सुटला. गाडी ओरडली, पण पुढे सरकेना. समोरून एसटी. एसटीवाल्याने ब्रेक मारला म्हणून दोघं वाचली. त्या दिवसापासून आईंनी एकच धोशा लावला होता, ही गाडी घरात नको. सचिनने ती किती वर्षं मनात धरून घेतलेली होती हे मला ठाऊक होतं. इकडे तो रोज माझ्या गॅरेजसमोरून जायचा आणि जाताना उगाच हॉर्न वाजवायचा.

"कधी स्लिप होते? निघाल्या निघाल्या?"

"न्हाय. गार असली की झकास. धा-पंधरा किलोमीटर पळाली की सुरू. थोडा वेळ सावलीला थांबलं की पुन्हा बरी."

असं लक्षण सांगणारं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं. नाहीतर लोक मोबाइलवर बघून थेट रोगाचं नाव घेऊनच येतात.

प्लेट झिजलेली असती तर गाडी गार असतानाही जोर दिला की कुरकुरली असती. इंजिन ऑइल बघितलं, तेही बरोबर नंबरचं. म्हणजे दोष प्लेटांत नव्हता, त्यांना सोडवणाऱ्या यंत्रणेत होता. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक. आपल्या नेहमीच्या गाडीला लिव्हरपासून तारेची केबल असते. इथे तारेच्या जागी नळी, आणि नळीत ब्रेक ऑइल. लिव्हर दाबली की वरच्या मास्टर सिलिंडरमधून ऑइल खाली रेटलं जातं आणि ते प्लेटा सोडवतं.

मी पाना खिशात टाकून पुन्हा रस्त्यावर निघालो. गाडी स्लिप व्हायला लागली तसा बाजूला थांबलो. खालच्या सिलिंडरवर हवा काढायचं एक निपल असतं, ते किंचित सैल केलं. चिर्र करून ऑइलची पिचकारी उडाली. निपल आवळलं, गाडी काढली, आणि गाडी सुसाट!

म्हणजे लिव्हरला हात न लावताही नळीत दाब अडकून राहत होता. मास्टर सिलिंडरमध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. लिव्हर पूर्ण सुटली की ते उघडतं, आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून वरच्या ऑइलच्या डबीत परत जातं. भोक बंद राहिलं तर फुगलेलं ऑइल जाणार कुठं? ते खाली रेटा देतं आणि प्लेटा सोडवतं.

मास्टर सिलिंडर खोलायला घेतला. लिव्हरच्या बुडाशी खंडोबाचा पिवळा लोकरी दोरा गुंडाळलेला होता. आमच्याकडे गाडीवर दोरा नसेल तरच नजर जाते. वेटोळं अख्खं सरकवून काढलं आणि कोऱ्या कागदात गुंडाळलं. देवाची वस्तू, ग्रीसमध्ये कुठं टाकायची? आतलं भोक तार घालून साफ केलं, रबरी सील बदलले, नवं ऑइल भरलं. तुळजापूरच्या रस्त्याला गाडी चांगली तापेपर्यंत पिटाळली. एकदाही स्लिप झाली नाही. संध्याकाळी कागदाच्या पुडीसकट गाडी सचिनच्या ताब्यात दिली आणि घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, गाडी दारात. सोबत सचिनची आई.

"मिस्त्री, काय केलं तुमी?" मावशी उतरता उतरताच म्हणाल्या. "पुन्ना तेच. लोहारा आला आन् लागली वराडायला."

माझं डोकंच फिरलं. खोलली की बरी होते आणि घरी गेली की बिघडते, ही गाडी आहे का सासुरवाशीण? मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो. तेवढ्यात मावशींनी कनवटीची चंची सोडली, पिवळ्या दोऱ्याची गुंडी काढली आणि पुटपुटत लिव्हरच्या बुडाशी आणखी एक वेढा दिला. ओढून, चांगला घट्ट. पुडीतलं कालचं वेटोळं घरी पुन्हा जागेवर चढलं होतं, त्याच्यावरच.

मी जागच्या जागी उभा राहिलो.

"मावशी, गाडी बिघडली की दर वेळी बांधता?"

"मग? त्येच्याबिगर त्या दिशी एसटीखालनं वाचलो व्हय?"

लिव्हर आणि तिच्या बैठकीच्या फटीत तो दोरा बसत होता. पावसाने, धुळीने, भंडाऱ्याने चामड्यासारखा घट्ट झालेला. त्याच्यामुळे लिव्हर पुरती सुटतच नव्हती आणि आतलं भोक उघडत नव्हतं. गाडी बिघडली की मावशी एक वेढा वाढवायच्या, आणि वेढा वाढला की गाडी जास्त बिघडायची.

आता हे सांगायचं कसं? इंजिन खोलणं परवडलं. मी त्यांचा हात लिव्हरवर ठेवला आणि त्यांना फट दाखवली. जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं, काही लपवलं नाही.

मावशींचा हात तिथंच राहिला. "म्हंजी... ट्रॉलीपाशी म्याच..."

"आई, तुला काय ठावं?" सचिन घाईने म्हणाला. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं.

"मालकांच्या गाडीला तीस वर्सं हितंच बांधला. तवा कसं न्हाय झालं?"

"त्या गाडीला केबल होती, मावशी. केबलीच्या लिव्हरला थोडा ढिलेपणा ठेवलेलाच असतो, दोरा त्यात खपून गेला. या गाडीला तेवढी पण जागा नाही. दोऱ्याचं काही चुकलं नाही. जागा बदलली की झालं."

मावशींनी वाकून एकेक वेढा स्वतः सोडवला. मला कात्री लावू दिली नाही. सगळा दोरा सुटल्यावर त्यांनी तो आरशाच्या दांडीला बांधला आणि मला विचारलं, "हितं चालंल का?"

"हितं शंभर वेढे द्या."

मग पदर खोचून त्या सचिनच्या मागे बसल्या. "चल नळदुर्गाला. तापू दे चांगली."

दोघं परत येईपर्यंत मी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने लांबून हॉर्न ऐकू आला, उगाच वाजवलेला, आणि माझा जीव भांड्यात पडला. मावशी उतरल्या, केस सारखे केले आणि लेकाला म्हणाल्या, "त्या उमरग्याच्या पावण्याला फोन लाव. म्हणावं, येऊ नगंस."

तेव्हापासून गाडी आली की मी चालवणाऱ्याला विचारतो, कधीपासून बिघडली. मग घरच्यांना विचारतो, बिघडल्यावर तुम्ही काय केलंत. निम्मा दोष त्या दुसऱ्या उत्तरात सापडतो.