तोंडावर मारणं मना

परतवाड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मनकर्णाबाईले पहिल्यांदा वाटलं, हे नगमा नावाची काडीपैलवान पोट्टी लाठी घेऊन फिरते ते कुत्रे हाकलाले. आता आठवलं का बाई पोट धरून हसते. नगमा पोरींले लाठी शिकवते हे तिले काय माहीत, बापा.

त्या दिवशी दोघी तराजूतल्या एका वांग्यावरून भांडून राहिल्या होत्या. नगमा म्हणे किडकं हाये, मनकर्णाबाई म्हणे अजिबात नाही. तेवढ्यात शेजारची फुलवाली प्रतीक्षा रक्ताळलेला हात धरून गाड्यामागं घुसली. मागून तिचा नवरा कोयता घेऊन आला. त्याचा वार तिच्यावरून हुकला अन् तराजूवर बसला.

नगमानं 'बिस्मिल्ला' म्हटलं अन् लाठी हाणली. मनगटाचं हाड कडकन वाजलं, कोयता खाली. तरी तो प्रतीक्षाचा गळा धराले धावला. मग दुसरा दणका गुडघ्यावर. गडी टमाट्यांत आडवा, पण शिव्या चालूच.

"थोबाड फोड मेल्याचं," मनकर्णाबाई म्हणाली.

"तोंडावर मारणं आमच्यात मना हाये, मावशी. अन् पडलेल्याले तर कुठंच नाही मारत."

लोकायनं त्याले धरून ठेवलं, प्रतीक्षाले दवाखान्यात नेलं. तिचा जीव वाचला. मनकर्णाबाई सांडलेले टमाटे गोळा करू लागली. नगमा मात्र तराजूपाशी वाकली. कोयत्यानं वांग्याचे दोन तुकडे केले होते, अन् एकात अळी वळवळत होती.

"काय म्हणत होत्या मावशी, किडकं नाही?"

मनकर्णाबाईनं दुसरं वांगं काढून दिलं.