चाचांचं अरबी

बहरीनमध्ये इतकी वर्षं काढली, पण अरबीवाचून माझं कधी अडलं नाही. बाब अल बहरीनचा कापडवाला असो की नाक्यावरचा टॅक्सीवाला, सगळे हिंदीत बोलायचे. यल्ला म्हणजे चल, मफी म्हणजे नाही, शिवाय खलास आणि इंशाल्ला, एवढ्या भांडवलावर मी एसी दुरुस्त करत बेटभर फिरलो. अरबी ही सरकारची भाषा आहे हे पाट्यांवर दिसायचं. तिच्याशी आपला काय संबंध, असं मला वाटायचं.

संबंध आला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका सकाळी. नईम भागात कंपनीची पिकअप उभी करून मी शिडी उतरवत होतो, तेवढ्यात मागून एक मोटार येऊन धडकली. चौकीत पोलिसाने हिंदीत विचारलं, मी हिंदीत सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं अरबीत. वर म्हणाला, ‘साइन करो.’ चूक माझी ठरली असती तर कंपनीने व्हिसा कापून घरी धाडलं असतं. बायको आणि लेक नुकत्याच अमरावतीहून आल्या होत्या. मी हट्टी माणूस. म्हटलं, माझा माणूस येऊन वाचेल, मगच सही.

माझा माणूस म्हणजे शेजारचे चाचा. रत्नागिरीचे, सुकमध्ये, म्हणजे बाजारात, एका व्यापाऱ्याकडे कारकून. रोज पहाटे त्यांचं कुराण भिंतीतून ऐकू यायचं. संध्याकाळी गल्लीतली मुलं त्यांच्याकडे अरबी वाचायला बसायची. त्यांना अरबी येतं का, हे कोण विचारणार? हातच्या कांकणाला आरसा कशाला!

चाचा आले, चष्मा लावला आणि माझा जबाब वाचू लागले. काय तो आवाज! बाकावर आमच्या गल्लीतला एक दुकानदार कशासाठी तरी येऊन बसला होता. त्याची मुलं चाचांकडेच शिकायची, तो तर मान डोलवायला लागला. मी पेनचं टोपण काढलं.

‘काय लिहिलंय, चाचा?’

‘मला काय मालूम?’ चाचा हळूच म्हणाले. ‘मला वाचता येतं. समजत नाय.’

माझं डोकं सणकलं. ‘मग रोज पहाटे काय वाचता?’

‘ते अल्लाचं कलाम. त्याचा अर्थ आमच्या मौलवींनी आपल्या भाषेत समजावला. हा पोलिसाचा कागद.’

ओरडायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. मीही रोज सकाळी बुद्धवंदना पालीत म्हणतो. एकेक शब्द पाठ, अर्थ मराठीतून शिकलेला. कोणी पालीत जबाब लिहून पुढे केला असता, तर मीही तो असाच खणखणीत वाचला असता आणि अर्थ काडीचाही कळला नसता. मला हसू आलं, भीती मात्र तशीच राहिली.

चाचांनी दुकानदाराकडे एकदा पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पोलिसाला म्हणाले, ‘मफी मालूम, साहब. पढ़ा, लेकिन समझा नहीं. आप हिंदी में बताओ, फिर ये साइन करेगा.’

पोलिसाने कपाळावर आठ्या घातल्या, पण ओळीवर बोट ठेवून सगळं हिंदीत सांगितलं. मी बोललो होतो तेच होतं. सही केली. नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानदाराची मुलं आली नाहीत. त्यांच्या मागोमाग बाकीचीही गळाली. कुराण वाचायला शिकवायचं, तर कागदाचा अर्थ कशाला यायला हवा? पण चाचांना अरबी समजत नाही हे एकदा गल्लीभर झालं की झालं. चाचा चटई अंथरून बसले होते. मला फार वाईट वाटलं. बायकोने केलेला चहा घेऊन मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

‘चाचा, तुम्ही गप्प बसला असतात तरी चाललं असतं. कागद बरोबरच होता.’

‘ते आपल्याला तेव्हा कुठे मालूम होतं?’ चाचा म्हणाले आणि चहा बशीत ओतू लागले.