नळीवर रागावलेला मामा

एखादी वस्तू जशी आहे तशी ठीक आहे, असं माझ्या मामानं आयुष्यात एकदाही म्हटलेलं नाही. लातूरला त्याच्या घराजवळचे गॅरेजवाले त्याला लांबून बघितलं की स्क्रूड्रायव्हर लपवतात, कारण हा नुसता उभा राहत नाही. भलत्याच माणसाच्या गाडीचा कार्बोरेटर पिळतो आणि वर त्या मालकालाच झापतो. बुद्धविहारात वंदना चालू असताना उठून ॲम्प्लिफायरची बटणं फिरवतो. एकदा नांदेडला माझ्याकडे येताना एसटीच्या इंजिनाचा आवाज कसा बिघडलाय हे त्यानं ड्रायव्हरला अहमदपूरपासून सांगायला घेतलं, तेव्हा ड्रायव्हरनं लोहा येताच गाडी थांबवून त्याला हात जोडले आणि उतरवून दिलं. मामीला यातलं काही सांगायला जावं तर ती म्हणते, "माझ्या लग्नाच्या निम्म्या फोटोत नवरदेवच न्हाई. ह्ये तिकडं फोटोवाल्याला क्यामेरा शिकवून राहिले होते."

आणि हे सगळं रागानं, बरं का. वीज खात्यात उभी नोकरी मीटरवर ओरडण्यात काढली, आता निवृत्तीनंतर बाकीच्या जगावर ओरडतो. हे लिहिताना मीही रागातच आहे. आमच्या घराण्यात तो गुण आईकडून येतो.

मला नेमबाजी शिकवली ती मामानंच. तो नांदेडच्या रायफल क्लबाचा जुना सभासद, आणि मी तिथेच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, चाळिशीला टेकलेली बाई. पॉइंट टू टूची रायफल घेऊन जमिनीवर पालथं पडायचं, पन्नास मीटरवरच्या कागदावरचं काळं वर्तुळ बघायचं आणि तेवढा वेळ सगळं जग विसरायचं, हे सुख मला त्याच्यामुळे मिळालं. दोष माझ्यात एकच होता. नऊ गोळ्या मधोमध जायच्या आणि दहावी उगाच वर. मामानं तिचं निदान पहिल्या दिवशीच केलं होतं: रायफलची नळी नालायक आहे.

मग त्यानं कुठून तरी ते कडं आणलं. नळीच्या तोंडावर बसवायचं एक जड पोलादी कडं, त्यावर बारीक खुणा. फिरवलं की कट्ट असा आवाज होतो आणि त्यातलं वजन केसभर पुढे-मागे सरकतं. याचा उपयोग काय, असं मी विचारलं तर मामा खेकसला, "गोळी सुटली की नळी हालती. तुला न्हाई दिसत, पण हालती. वर जाती, खाली येती. वर गेल्यावर वळायच्या आधी जरा थबकती का न्हाई? गोळी तवाच बाहीर पडली पायजे. ते वजन हालवून हालवून ती येळ गाठायची. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

कळलं होतं. पण कळणं आणि मामाच्या शेजारी ते करणं यात फार फरक. पाच गोळ्या मारायच्या, कागद बघायचा, कट्ट. पुन्हा पाच, पुन्हा कट्ट. कधी तरी पाचही गोळ्या एका भोकात जायच्या. इथे कुणीही शहाणा माणूस कडं घट्ट करून चहा प्यायला गेला असता. मामा म्हणायचा, "ह्याच्या म्होरं याच्याहून चांगली जागा आसंल तर?" आणि कट्ट! गोळ्या फाकल्या की रागावणार नळीवर, मग काडतुसांच्या कंपनीवर, आणि तेही पुरलं नाही तर अर्धापूरकडून वारा आला म्हणून तिथल्या केळीवाल्यांवर. त्या बिचाऱ्यांनी त्याचं काय वाकडं केलं होतं ते मला अजून समजलेलं नाही.

गेल्या वर्षी माझी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. खांदा आधीच दुखत होता, डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हा एवढा हंगाम, नंतर स्पर्धा बंद. म्हणजे त्या वर्षी नाही तर कधीच नाही. काडतुसांचा प्रत्येक लॉट वेगळा असतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादाच मानवतो. माझ्या नळीला मानवणारा लॉट मोठ्या मुश्किलीनं मिळाला होता. मी तो जिवापाड जपला, सरावाला स्वस्तातली दुसरी काडतुसं वापरली. चाचणीच्या आदल्या दिवशी कॉलेजात प्रॅक्टिकल घेऊन संध्याकाळी रेंजवर पोचले, तर मामा लातूरहून येऊन क्लबात ठेवलेली माझी रायफल घेऊन बसलेला, भोवती रिकाम्या पुंगळ्यांचा सडा, आणि माझ्या त्या लॉटच्या पेट्या उघड्या. सगळ्या संपलेल्या.

"जागा गावली बग," तो म्हणाला. "ह्या काडतुसाला एकदम बरोब्बर जागा गावली."

"कोणत्या काडतुसाला, मामा? आता ती आहेत कुठं?"

त्यानं पेटीत बघितलं. मग माझ्याकडे. मी त्या रेंजवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खाली बसून पुंगळ्या वेचत राहिला, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. दुसऱ्या दिवशी हाताला लागतील ती काडतुसं घेऊन चाचणी दिली. गोळ्या फाकल्या, त्यातही दहातली एक हमखास वर. थोडक्यासाठी निवड हुकली. कित्येक महिने मी मामाचा फोन उचलला नाही.

मध्यंतरी क्लबातले कोच भेटले. म्हणाले, "मॅडम, तुमच्या मामांनी त्या दिवशी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली. पहिल्या पाचही एका भोकात. मी म्हटलं, साहेब, नळी चांगली आहे, आता हात लावू नका. वर जाते ती मॅडमची गोळी आहे. चाप ओढताना त्या श्वास सोडतात."

"मग?"

"मग काय, माझ्या अंगावर आले. 'माझ्या भाचीच्या हाताला नाव ठिवायचं न्हाई, तिच्याम्होरं तर मुळीच न्हाई, खोट नळीतच हाय' म्हणाले, आणि पेट्या संपेपर्यंत मारत बसले. कडं फिरवून गोळ्या कधी जवळजवळ पडल्या, कधी फाकल्या, पण वर एकही गेली नाही. जसजशी जात नव्हती तसतसे जास्त चिडत होते."

ऐकून माझा राग दुप्पट झाला. अरे, मला सांगायचं होतं! एका वाक्याचं काम होतं. मी श्वास धरायला शिकले असते, संघात गेले असते. घरात दूध उतू गेलं किंवा कॉलेजात निकाल घसरला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. अजून एकानं चूक दाखवली असती तर मी काय मोडून पडणार होते? हे मी त्या रात्री स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाले आणि म्हणता म्हणता रडायला लागले.

आता स्पर्धा नाहीत. साखरेनं मामाची नजर अधू झाली आहे, तो लातूरहून हलत नाही. मी मात्र रविवारी रेंजवर जाते. श्वास धरायला शिकले आहे, तरी कधी तरी एखादी वर जातेच. तेव्हा तिथूनच त्याला फोन लावते आणि सांगते, "मामा, नळी वर मारून राहिली." मग तिकडून भडका उडतो. नळी बेअक्कल, कडं बेकार, कंपनी चोर, अर्धापूरचा वारा नालायक. माझं नाव त्यात चुकूनही येत नाही. मी मधे बोलत नाही. माझ्या चुकीपायी सगळ्या जगावर रागावणारा माणूस मला हा एवढाच आहे, आणि हल्ली तो रागावता रागावता लवकर दमतो.