मेंदूमास्तरांचं प्रवचन

आमच्या नेवाशाच्या शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांना माणसाच्या मेंदूपेक्षा बोकडाच्या मेंदूचं कौतुक जास्त. बोकडाचा बरणीत होता आणि उलट बोलत नव्हता. गाव त्यांना मेंदूमास्तर म्हणे. मी तेव्हा नवखा मराठीचा मास्तर, त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहायचो. त्यामुळे शाळा सुटली तरी माझी सुटका नसे.

आत्मा त्यांना मंजूर नव्हता. "मेंदू म्हणजे ट्रान्झिस्टर," ते सांगत, "पुढेमागे डोक्याला तारा लावून मनातलं ऐकता येईल." दुष्काळात विहिरी आटलेल्या, आणि हे टँकरच्या रांगेत उभं राहून या यंत्राच्या गप्पा मारत. बायकांनी आपल्या मनातलं त्यांना यंत्राशिवायच ऐकवलं होतं. आता म्हणे खरंच तसं यंत्र निघतंय. मास्तर असते तर गावभर पेढे वाटले असते.

शुद्धीची त्यांची व्याख्या एका ओळीची: जो जबाब देतो तो शुद्धीवर. वर्गात पेंगणाऱ्याला ते बेशुद्ध ठरवून गैरहजेरी मांडत. घरी मात्र प्रवचन ट्रान्झिस्टरपर्यंत आलं की काकू, म्हणजे त्यांची बायको, मान भिंतीकडे वळवत. हिला शास्त्राचं वावडं आहे, असं मास्तर कुरकुरत.

त्याच उन्हाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी हाका मारल्या, चिमटे काढले, आणि शुद्ध नाही, घरी न्या म्हणाले. पाथर्डीहून काकूंचे भाऊ आले, ते तुळशीपाण्याची वाटी घेऊनच उशाशी बसले. मास्तर म्हणाले, थांबा, ती ऐकतेय.

"दाजी, तुमीच म्हन्ता ना," भाऊ शांतपणे म्हणाले, "जबाब न्हाई तर शुद्ध न्हाई."

मास्तरांची व्याख्या मास्तरांवरच उलटली. मला मनातून जरा बरंच वाटलं, त्याची आजही लाज वाटते.

दुसरं काही सुचेना म्हणून मास्तरांनी खाटेशेजारी प्रवचन लावलं. रोज, बरणीतल्या बोकडापासून. तिसऱ्या दिवशी ते ट्रान्झिस्टरपर्यंत आले, आणि काकूंची मान हळूहळू भिंतीकडे वळली. भावांनी मान सरळ केली. मास्तरांनी पुन्हा बोकडापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच शब्दाला मान वळली. भावांनी वाटी उचलून कोनाड्यात ठेवली.

मास्तर बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले. "वीस वर्षं," ते मला म्हणाले, "मला वाटायचं, ही माझं ऐकतच नाही."