नकाशावरची विहीर

गावाचं नाव इथे येणार नाही. ते एकदा छापून आलं, तेवढं पुरे झालं. रावेरहून सातपुड्याकडे निघालं की केळीचे मळे लागतात आणि त्या मळ्यांच्या मधोमध, जरा उताराला, ते गाव आहे, इतकं कळलं तरी चालेल. तिथे भिकन आबा राहत. बेताचे शिकलेले, बोलायला कमी आणि हसायला पुढे. गावात त्यांच्यापेक्षा मोठे बागायतदार होते, पण आबांची ओळख त्यांच्या विहिरीवरून होती.

एका साली गावचे नळ कोरडे पडले. टँकर यायचा तो आठवड्यातून एकदा आणि तोही वाटेत अर्धा सांडून. त्या उन्हाळ्यात पाणी होतं ते एकट्या आबांच्या विहिरीला. ते केळीला दिलं असतं तर बाग वाचली असती. आबांनी मोटारीचा पाइप बागेतून काढला आणि रस्त्याकडे वळवला. गाव प्यालं आणि बाग उभी जळाली. त्यांची बायको यशोदाबाई जळकी पानं बघून रडायची, तर आबा म्हणायचे की केळी काय, पुन्हा लावता येते.

ग्रामपंचायतीनं त्यांना नारळ-शाल दिली, ती कपाटात गेली. खरा मान दिला तो गावच्या बायकांनी. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरतात. पुढच्या आखाजीपासून ती घागर आबांच्या विहिरीवरूनच भरायची, अशी रीत आपोआप पडून गेली. त्या दिवशी आबा धुतलेलं धोतर नेसून विहिरीवर बसत आणि एकेकीला स्वतःच्या हातानं पाणी काढून देत. वर्षभर कुणापुढे मान वर करून न बोलणारा हा माणूस त्या एका सकाळी नवरदेवासारखा दिसायचा. दिपमालाला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, बाप आठवला की तोच आठवतो.

दिपमाला धुळ्याला होस्टेलवर राहून शिकली आणि पुढे जळगावला पाण्याच्या शास्त्रात पीएच.डी.ला लागली. आता कुणाला वाटेल, पाण्याचा अभ्यास म्हणजे तो कायमचाच असणार. तसं नसतं. तिथेही हंगाम असतात. ती एम.एस्सी.ला असताना जो तो विहिरींची पातळी मोजत होता. मग सगळ्यांना पाण्यातली खतं आणि औषधं दिसायला लागली. हल्ली उपग्रहाची चित्रं आणि संगणक आले आहेत, त्यामुळे विहिरीत एकदाही न डोकावता विहिरीवर पेपर लिहिता येतो. दिपमालाचे सर म्हणायचे, सध्या बाहेर काय चाललंय ते बघ आणि त्यात आपलं बसव. तिथल्याच कॉलेजात ती शिकवायची, पण नोकरी कंत्राटी होती. कायम व्हायचं तर इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे वजन, बरा असलेल्या जर्नलात पेपर हवा होता. तिनं विषय निवडला आपल्याच भागाचा: केळीला घातलेल्या खतातलं किती नायट्रेट विहिरींत उतरतं.

नमुने घ्यायला आबाच तिच्याबरोबर हिंडले. कुणाची विहीर कुठे, कुणाचा कुत्रा चावरा, हे त्यांना ठाऊक. बाटलीचं बूच घट्ट लावायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं, ते दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. स्वतःच्या विहिरीची बाटली भरताना जरा लाजत त्यांनी विचारलं, "माह्यं नाव येईन का व त्यात?"

येईल, असं ती म्हणाली. बापानं आजवर तिच्याकडे मागितलं असेल तर तेवढंच.

नमुने तपासून आले. सगळ्याच विहिरी बिघडलेल्या होत्या. पण आबांची विहीर उताराला, साऱ्या मळ्यांचा निचरा तिथे यायचा, आणि तिचा आकडा सगळ्यांत वर होता. यात आबांचा काही दोष नव्हता. खत तर अख्ख्या शिवारानं ओतलेलं होतं. घरी तिनं सांगितलं की पिण्याला आता दुसरं पाणी बघा, खताचा अंश आहे. माय-बापानं मान हलवली आणि पाणी तेच पीत राहिले.

पेपर दोन जर्नलांनी परत पाठवला. विषय फार स्थानिक आहे म्हणे. तिसऱ्यानं ठेवून घेतला, पण परीक्षकानं विचारलं की याचा माणसाच्या आरोग्याशी संबंध काय, ते लिहा. दिपमालानं परदेशातले पेपर काढले आणि एक परिच्छेद जोडला: अशा पाण्यात दूध कालवून दिलं तर तान्ह्या बाळाचं रक्त प्राणवायू धरत नाही, बाळ निळं पडतं, दगावूही शकतं, आणि पाणी उकळलं तर नायट्रेट कमी न होता वाढतं. संदर्भ दिले, स्वल्पविराम तपासले. ती त्या गावात जन्मलेली, वाढलेली मुलगी, आणि ते वाक्य लिहिताना तिला गावातलं एकही बाळ आठवलं नाही. ही गोष्ट ती आजही कुणाला सांगू शकत नाही.

नकाशात बाकीच्या विहिरींना क्रमांक होते. एकीवर तिनं इंग्रजीत नाव घातलं: भिकन वेल, म्हणजे भिकनची विहीर. सर म्हणाले की नावं शक्यतो घालत नाहीत. ती हसून म्हणाली, "कोण वाचतंय, सर." त्या धंद्यातले सगळे असंच म्हणतात. आपले पेपर लिहिणारा, तपासणारा आणि त्याचा मित्र, असे तिघेच वाचतात, हा त्यांचा ठरलेला विनोद.

पेपर छापून आला तेव्हा तिनं नकाशा आणि त्याखालचा मजकूर असलेलं पान रंगीत छापून घरी नेलं आणि बापाचं नाव पेनानं अधोरेखित करून दाखवलं. आबांनी चष्मा पुसून पुसून बघितलं. इंग्रजी येत नव्हतं, पण आपलं नाव दिसल्यासारखं त्यांना वाटलं. खाली काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. दिपमालानं सांगितलं नाही. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की तिच्या जिवावर आलं, पुढच्या खेपेला सांगू, असं ती मनाशी म्हणाली. आबांनी रावेरला जाऊन त्या पानाला लॅमिनेशन करून आणलं आणि मोटारीच्या खोलीच्या दारावर खिळ्यानं ठोकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायला लागले.

आणि मग ते वाचलं गेलं. रावेरचे हस्तीमलशेठ आबांची केळी घ्यायचे. त्यांचा नातू अखिल, शेतकीचा पदवीधर, माल बघायला आला होता. आबांनी मोठ्या हौसेनं त्याला दारापाशी नेलं आणि सगळ्यांना कळेल असं मराठीत सांग म्हणाले. मजूर जेवायला बसले होते, तेही ऐकायला वळले. पोरगा भला, त्याच्या मनात पाप नव्हतं. तो वाचत गेला, सांगत गेला. सगळ्यांत जास्त नायट्रेट भिकन विहिरीत. तान्ही बाळं. निळं पडणं. उकळलं तर वाढतं. आपण काय वाचतोय ते त्याच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

मजुरांत बेबाबाई होती, आबा तिला बेबी म्हणत. दुष्काळाच्या त्याच साली तिला मुलगा झाला होता. अंगावरचं दूध आटलं, म्हणून ती भुकटीचं दूध पाजायची. नर्सबाईंनी बजावलं होतं की पाणी उकळूनच घे, आणि ती बिचारी न चुकता उकळायची. दोन महिन्यांचं लेकरू ओठांपासून निळं पडत गेलं. जळगावला नेलं, तिथे हृदयाचं काहीतरी असेल म्हणाले, आणि ते गेलं. दिपमाला तेव्हा धुळ्याला परीक्षा देत होती. तिला ते फोनवर कळलं होतं, वाईट वाटलं होतं, आणि मग दुसरा पेपर होता.

अखिल वाचायचा थांबला. बेबाबाईनं भाकरी फडक्यात गुंडाळली आणि ती घरी गेली. दुपारी यशोदाबाईंचा जळगावला फोन आला की तुझा बाप मोटारीच्या खोलीत बसलाय, उठत नाही, तू ये.

दिपमाला पोचली तेव्हा दारावरचं पान काढलेलं होतं. आबांनी ते मांडीवर उलटं धरलं होतं. ती शेजारी बसली आणि सांगायला लागली, सगळं शिवार कसं झिरपतं, उतार कसा असतो, दोष कुणा एकाचा कसा नसतो. त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"दिपा, मले शिकवू नको. बेबीचं लेकरू माह्या पान्यानं गेलं का? हो म्हन, नाहीतं नाही म्हन."

दिपमालानं विचार केला. खरंच केला. त्या सालचा नमुना कुणाकडे नव्हता. बाळाचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. लक्षणं मात्र तंतोतंत जुळत होती. घरात ती घरच्यासारखंच बोलायची, पण त्या वेळी तोंडून निघाली ती वर्गातली भाषा.

"असू शकतं, आबा. पण खात्रीनं सांगता येत नाही."

तिच्या जगात याहून सावध, याहून प्रामाणिक वाक्य नाही. असं लिहिलं तर परीक्षक खूश होतात. आबांच्या जगात माणूस नाही म्हणत नाही, तेव्हा ते हो असतं. त्यांनी मान डोलावली, "बरं" म्हणाले आणि पायात चपला घातल्या.

ते बेबाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. दिपमाला मागे होती. ओट्यावर बसा म्हटलं तरी ते बसेनात. बेबाबाईच्या डोळ्यांना पदर होता. ती म्हणाली, "आबा, त्या साली दुसरं पानी व्हतं कोठी?" तिनं हे समजूत घालायला म्हटलं होतं आणि ते खरंही होतं. पण आबांना त्यानं काही उभारी आली नाही. ते तसेच हात जोडून उभे राहिले आणि मग परत फिरले. बेबाबाई त्यांच्या मळ्यात पुन्हा कामाला आली नाही. राग नव्हता तिचा, तिला ती विहीर बघवत नव्हती.

पुढे जे झालं ते सगळं चांगलंच झालं म्हणायचं. पेपराची बातमी जळगावच्या वर्तमानपत्रांत आली. गावात पाणी शुद्ध करायचं मशीन बसलं. आबांच्या विहिरीवर जाळी आली आणि लाल रंगात 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी. त्यानंतर गावात कुठलं तान्हं बाळ निळं पडल्याचं ऐकलं नाही. दिपमालाच्या पेपराला तिच्या बाकी साऱ्या पेपरांहून जास्त संदर्भ मिळाले. चीनच्या लोकांनी आपल्या पेपरात त्याचा दाखला घेतला, ब्राझीलच्या लोकांनी घेतला, आणि दर वेळी तिच्या फोनवर कळवणारी टिकटिक व्हायची. नोकरी कायम झाली. ज्या दिवशी ते पत्र आलं, त्या दिवशी ती स्टाफरूमच्या बाथरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडली.

आखाजी आली. दिपमाला गावी होती. आबा सवयीनं धुतलेलं धोतर नेसून विहिरीच्या काठावर जाऊन बसले. बायका घागरी घेऊन मशीनकडे जात होत्या. वाट विहिरीवरूनच होती. कुणी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, कुणी पोराशी उगाच बोलायला लागली. त्यांचं तरी काय चुकलं? पितरांना कुणी वाईट पाणी देतं का? आबा ऊन चढेपर्यंत बसले. मग घरी येऊन त्यांनी धोतर बदललं. त्यानंतर विहिरीकडे ते कधी गेले नाहीत. त्या पाण्याला त्यांनी तोंडही लावलं नाही. मशीनचा जार घरात यायचा, त्यातलं पीत. हसणं तेवढं राहून गेलं. मुलीवर ते एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्या पावसाळ्यानंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. महिनाभर अंथरुणावर होते, जीभ जरा जड झाली होती पण बोललेलं कळायचं. दिपमाला रजा टाकून उशाशी बसली होती. एका सकाळी यशोदाबाई गोठ्यात गेल्या होत्या आणि घरात दोघंच होते. आबा तिच्याकडे बघत होते. ते काय विचारतायत हे तिला कळलं, कारण ती तेच ऐकत महिने काढत होती.

इतक्या दिवसांत तिनं सगळं वाचून काढलं होतं. खात्री वाढेल असं कुठेच काही सापडलं नव्हतं, ना इकडची ना तिकडची. तरी ती वाकली, त्यांचा हात हातात घेतला आणि घरच्या बोलीत म्हणाली, "आबा, मी बठ्ठं पुन्ना तपासलं. बेबीचं लेकरू तुमच्या पान्यानं नाही गेलं. नाहीच गेलं."

आबांनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. लहानपणी ती काही लपवायला लागली की बघायचे तसं. मग त्यांच्या चांगल्या हातानं तिचा हात थोपटला.

"हेच तवा म्हनली असती," ते म्हणाले, "तं मी मानलं असतं."

तिला हुंदका आवरेना. तिचं रडणं ओसरेपर्यंत ते थांबले. मग त्यांनी पाणी मागितलं. जार तिथेच कोपऱ्यात होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि आबांकडे बघितलं, मग उठून बादली आणि दोर घेतला आणि विहिरीकडे गेली. जाळीचं एक टोक उचकटून तिनं पाणी शेंदलं. म्हाताऱ्या माणसाला त्या पाण्याच्या दोन घोटांनी काही होत नाही, एवढं मात्र तिला खात्रीनं माहीत होतं.